तापमानवाढ कमी करायची तर आधी वजनकाटा काढा: एका एसी मेकॅनिकची वही

कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी शिकवलं, जुन्या मशीनमध्ये नवा गॅस भरायचा असेल तर आधीचा उडवून द्यायचा. सर्व्हिस व्हॉल्व्हचं टोपण काढायचं, पिन दाबायची, तोंड बाजूला करायचं. फुस्स असा आवाज, पाइपच्या तोंडाशी पांढरा धूर, बोट मध्ये आलं तर कातडी पांढरी पडेल इतका गारवा. दोन-तीन मिनिटांत मशीन रिकामं. मागे वास नाही की डाग नाही. अशी किती मशीनं मी रिकामी केली त्याचा हिशोब नाही. हवाच होती, हवेत गेली, इतकीच माझी समज.

पुढे एका प्रशिक्षणात शिकवणाऱ्याने फळ्यावर आकडा लिहिला, २०८८. एसीमधला आर-४१०ए हा गॅस एक किलो हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. नऊशे लिटर पेट्रोल! लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात साडेतेरा हजार किलोमीटर जाईल. आणि मी ते एक पिन दाबून उडवत होतो.

ती वही मी अजून चालवतो. लोक मला विचारतात, तापमानवाढीसाठी आपण काय करायचं? मी म्हणतो, आधी मोजा. मोजत नाही म्हणूनच आपण चार्जरचं बटण आठवणीने बंद करतो आणि गळका एसी दर वर्षी नव्याने भरून घेतो.

आधी बिघाड ओळखा

आउटडोअर युनिटच्या जाळीवर धूळ बसली की काय होतं, ते कुठल्याही मेकॅनिकला विचारा. कॉम्प्रेसर तोच, खोलीतून खेचलेली उष्णता तेवढीच, पण बाहेर टाकायची वाट अडलेली. मग कंडेन्सर, म्हणजे आउटडोअरमधली उष्णता बाहेर टाकणारी कॉइल, तापत जातो. किती? जेवढी उष्णता येतेय तेवढी बाहेर पडायला लागेपर्यंत. मग तो स्थिरावतो, पण आधीपेक्षा वरच्या तापमानाला.

पृथ्वीचंही हेच झालंय. सूर्याकडून येणारी ऊर्जा जवळपास पूर्वीइतकीच आहे. जमीन आणि समुद्र ती अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या, किरणांच्या रूपात परत आकाशात टाकतात, आणि पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू ते किरण वाटेत धरतात. हे वायू मुळात वाईट नाहीत. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ते आज १५ च्या घरात आहे. पण हा थर आपण जाड करत चाललोय.

ही काही कालपरवाची बातमी नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि थंड व्हायलाही तिलाच जास्त वेळ लागला. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण शोषतात हे उपकरणाने मोजून दाखवलं. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागद-पेन्सिल घेऊन हिशोबच मांडला की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल. आणि १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ रेणू होते. कारखानदारी येण्यापूर्वी ते २८० च्या आसपास होते. आता ४२० च्या वर गेलेत.

‘सूर्यच जास्त तापत असेल’ म्हणणारा एक तरी गिऱ्हाईक भेटतोच. त्याला मी आमच्या पद्धतीने उत्तर देतो. आम्ही निदान करताना दोन ठिकाणी तापमान बघतो. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. मोजमाप सांगतं की खालचा थर तापतोय आणि वरचा, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. उष्णता खालीच अडकली की असंच दिसणार.

हा जादा थर येतो कुठून? मुख्यतः कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळण्यातून. त्याशिवाय सिमेंट बनवताना चुनखडी भाजण्यातून, जंगलं तोडण्यातून, गुरांच्या रवंथातून, पाणी भरलेल्या भातखाचरांतून, कुजणाऱ्या कचऱ्यातून (या तिन्हींतून मिथेन), नत्राच्या खतांतून. आणि आमच्या सिलिंडरमधून.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवतो. ओझोनचं भोक आणि तापमानवाढ हे दोन वेगळे आजार आहेत. भोकातून ऊन आत शिरतं आणि पृथ्वी तापते, असं बरेच जण समजतात; तसं नाही. गोंधळ होतो त्याला कारणही आमचाच धंदा. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन आणले. जळत नाहीत, विषारी नाहीत, सगळे खूश. ते ओझोन खातात हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं त्यांची हकालपट्टी सुरू झाली. त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजे आर-१३४ए, आर-४१०ए वगैरे, ओझोनला धक्का लावत नाहीत, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पटींनी उष्णता अडवतात. म्हणून मग २०१६ मध्ये रवांडाच्या किगालीत त्याच कराराला दुरुस्ती जोडली आणि हेही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं.

परिणाम, मला दिसतात ते

एसीवर लिहिलेली टनांची गार करण्याची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४५ झालं की तेच मशीन कमी गार करतं आणि वीज जास्त ओढतं. क्लॅम्प मीटर लावला की ॲम्पिअरचा आकडा चढलेला दिसतो. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये वीस आउटडोअर एकावर एक लटकलेली असतात. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो. सर्वांत वरचं मशीन दुपारी ट्रिप होतं आणि फोन मला येतो. बाहेर तापतं म्हणून एसी वाढतात, एसी वाढतात म्हणून वीज वाढते, वीज कोळशाची असली की बाहेर आणखी तापतं. या चक्रातून माझं पोट भरतं, हे कबूल करतो.

बाकीचं थोडक्यात. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून पाऊस येतो तेव्हा धो धो येतो, आणि येत नाही तेव्हा तीच तहानलेली हवा जमिनीतली ओल शोषून घेते. अडकलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात गेली आहे. पाणी तापून फुगतं, जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. १९०० पासून समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरच्या आसपास वर आली आहे. प्रवाळ पांढरे पडून मरतात. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, कारखानदारीपूर्वीच्या तापमानापेक्षा दीड अंशाहून थोडं वर. पॅरिस करारात २०१५ मध्ये जी दीड अंशाची रेषा आखली ती अनेक वर्षांच्या सरासरीची आहे, त्यामुळे एका वर्षाने ती ओलांडली असं होत नाही. पण काटा तिला टेकलाय.

वही कशी मांडायची

साधी शंभर पानी वही घ्या. वर्षाचं एक पान. पाच ओळी:

विजेची युनिटं. वीज मुख्यतः कोळशाची असेल तर युनिटमागे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, नैसर्गिक वायूची असेल तर ०.४ च्या आसपास, जलविद्युत, वारा, सौर किंवा अणुऊर्जेची असेल तर फारच थोडं. तुमच्याकडचा नेमका आकडा वीज नियामकाच्या अहवालात मिळतो.
पेट्रोल लिटरमागे २.३ किलो, डिझेल २.७.
स्वयंपाकाचा सिलिंडरचा गॅस, किलोमागे ३ किलो.
विमानप्रवास. लांबचा एक जाऊन-येऊन प्रवास माणशी सहज टनाच्या वर जातो, त्यामुळे ही ओळ रिकामी असलेलीच बरी.
आणि पाचवी, जी कोणी मांडत नाही: एसी-फ्रिजमध्ये भरलेला गॅस, गुणिले त्याचा आकडा. आर-४१०ए २०८८, आर-२२ १८१०, आर-३२ ६७५. मशीनमध्ये कुठला आणि किती आहे ते त्याच्या पाटीवर छापलेलं असतं.

माझ्या घरचं एक पान सांगतो. वीज २१०० युनिटं, म्हणजे १८९० किलो. दुचाकीला २६० लिटर पेट्रोल, ५९८ किलो. स्वयंपाकाचा गॅस ८५ किलो, त्याचे २५५. बेरीज २७४३. त्याच वर्षी घरचा एसी गार करेना. उघडून बघितलं तर मीच बसवलेला, पाइप जोडणारा फ्लेअर नट सैल. आत गॅस शून्य. पाटीवर १.१ किलो. गुणाकार केला, २२९७. दिवे, पंखे, गाडी, स्वयंपाक मिळून वर्षभराचं जे ओझं, त्याच्या जवळपास तेवढंच एका नटातून निघून गेलं होतं. दुसऱ्यांच्या घरी ठरलेल्या जोराने नट आवळणारा टॉर्क पाना वापरणारा मी, स्वतःच्या घरी अंदाजाने आवळला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पहिलं काम: गळती

एसी ही बंद नळी आहे. गॅस त्यात फिरतो, जळत नाही, संपत नाही. ‘दर वर्षी थोडा गॅस टॉप-अप करावा लागतो’ असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ एकच: कुठेतरी गळतंय. टायर पंक्चर असताना रोज हवा मारण्यासारखंच ते.

मेकॅनिक आला की आधी गळती शोधायला सांगा, मगच गॅस. गळती तुम्हालाही सापडू शकते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलसर डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. आउटडोअरला पाइप जोडलेत ते दोन नट, व्हॉल्व्हच्या पिना आणि इनडोअर कॉइलचे झाळलेले वळसे, ही तीन ठिकाणं आधी बघा. मेकॅनिक साबणाचा फेस लावतो, बुडबुडा फुगला की जागा सापडली.

मग तीन प्रश्न विचारा, लाजू नका. उरलेला गॅस उडवणार की रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये भरून घेणार? नायट्रोजन भरून दाब टिकतोय का ते बघणार का? पाइपांतली हवा उपसायचा व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणलाय का? ‘हाताला पाइप गार लागली की झालं’ म्हणणाऱ्याला मी तरी घरात घेणार नाही. गॅस पाटीवरच्या वजनाइतकाच जायला हवा, शंभर ग्रॅमही जास्त नको. जास्त भरला तर मशीन वीजही जास्त खातं.

नवीन घेताना स्टारचा स्टिकर बघता तसा गॅसही बघा. आर-३२ चालेल. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा आकडा जवळपास नगण्य. नव्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए असतो, तोही तसाच, आणि तो भरतातही जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास. मात्र प्रोपेन पेट घेतो, म्हणून ‘तुमच्या जुन्या मशीनमध्ये हाच भरून देतो’ म्हणणाऱ्याला हाकला. त्यासाठी बनवलेल्या मशीनमध्येच तो भरायचा.

दुसरं: उष्णता आत येऊच देऊ नका

मी एसी विकत नाही, दुरुस्त करतो, म्हणून मोकळेपणाने सांगतो: निम्म्या घरांत मोठं मशीन लागतं ते खिडकीमुळे. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच. आडोसा बाहेरून हवा: छज्जा, बांबूची चटई, जाळी, वेल, काहीही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या आणि दुपारी अनवाणी चालून फरक बघा.

त्यानंतर एसी. २० ऐवजी २६ वर ठेवा आणि पंखा चालू करा. एका अंशामागे साधारण पाच-सहा टक्के वीज वाचते. पंधरा दिवसांतून एकदा इनडोअरची जाळी नळाखाली धुवा, त्याला मेकॅनिक लागत नाही. जुना पंखा ७५ वॉट ओढतो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लावा आणि कपटा ओढा. सहज निघाला तर रबर गेलंय. रबर बदलणं दहा मिनिटांचं काम आहे.

वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं, मग तो हीटर कितीही महागडा असो. तेच पाणी हीट पंपाने तापवलं तर एक-तृतीयांश विजेत होतं, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून आणतो. एसीच, फक्त उलटा लावलेला. थंड प्रदेशात घर तापवायलाही हाच उपाय, आणि माझ्या मते येत्या काळातलं सर्वांत कामाचं यंत्र हेच.

आता त्या चार्जरचं. फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला सहा-सात युनिटं. दीड टनाचा एसी भर दुपारी तेवढी पाच-सहा तासांत खातो. चार्जर बंद करा, हरकत नाही, पण त्याला पर्यावरणसेवा म्हणू नका.

बाकीचं

गाडी: जिथे बस, ट्रेन, सायकल शक्य आहे तिथे ती, नसेल तर पुढचं वाहन विजेचं. अन्न: टाकलेलं अन्न कचऱ्याच्या ढिगात हवेशिवाय कुजतं आणि मिथेन सोडतं, जो पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता अडवतो, म्हणून कमी शिजवा आणि उरलेल्याचं घरीच हवेशीर खत करा. गुरांचं मांस खात असाल तर ते कमी करणं हे ताटातलं सर्वांत मोठं पाऊल.

झाडं लावा, जरूर लावा, सावलीसाठी लावा. पण वाढलेलं एक झाड वर्षाला दहा ते चाळीस किलो कार्बन डायऑक्साइड धरतं, जात आणि वयाप्रमाणे. माझ्या त्या सैल नटाची भरपाई करायला शंभरेक झाडांना वर्षभर राबावं लागेल. रोप लावतानाचा फोटो काढण्यापूर्वी नट आवळा.

घराबाहेर तुमचा शब्द चालत असेल, ऑफिसात, हॉस्पिटलमध्ये, शीतगृहात, तर तिथली गॅसची नोंदवही मागवा. मोठ्या दुकानांतल्या शीतकपाटांच्या जाळ्यात शेकडो किलो गॅस असतो आणि तो बऱ्याचदा आर-४०४ए, आकडा ३९२२. किती भरला आणि केव्हा भरला हे एका वर्षाचं लिहिलेलं असेल तर गळती कागदावरच दिसते. लिहिलेलंच नसेल, तर गळतेय असं धरून चला.

मशीन काढताना

गॅस फक्त दुरुस्तीत नाही, घर बदलताना आणि भंगारात देतानाही उडतो. तांब्यासाठी पाइप कापली की सगळा बाहेर. हे टाळायला पंप-डाउन करतात. स्वतः करू नका, चुकून हवा आत खेचली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. पण होताना शेजारी उभं राहून बघा. मशीन कूलिंगवर चालू ठेवून मेकॅनिक आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करतो. कॉम्प्रेसर इनडोअर आणि पाइपांतला गॅस खेचून आउटडोअरच्या पोटात जमा करत राहतो. गेजचा काटा खाली खाली येतो. शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच मशीन बंद. मग नट सोडले तरी फुस्स होत नाही, जेमतेम एक सुस्कारा.

भंगारात जाणारं असेल तर पुढे त्या पोटातला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून काट्यावर ठेवतो. आणि त्या दिवशी सिलिंडर सोबत नसेल, तर आउटडोअरच्या पत्र्यावर जाड मार्करने लिहून ठेवतो: आर-४१०ए, १.१ किलो आत आहे, पाइप कापू नका. खाली माझा फोन नंबर. दोन वेळा भंगारवाल्याचा फोन आलाय.